वाघांटीचे पाहुणे

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस सोडतांना पानांत वाघांट्यांची भाजी असावी, हा आपल्यांतील अनेक घरांचा परिपाठ आहे. पण हा कांटेरी वेल वर्षभर कोणाचें पोट भरतो, ह्याची चौकशी आपण क्वचितच करतों.

जळगांव-धुळ्याकडे बांधावरील वाघांटीभोंवतीं पुष्कळदां एक पांढरें फुलपांखरूं घिरट्या घालतांना दिसतें. मराठींत त्यास ‘गौरांग’ म्हणतात. इ. स. १७९३ मध्यें फाब्रिसियस ह्या डॅनिश शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पंख शुभ्र, त्यांस काळी किनार व किनारींत पांढरे ठिपके. पंख मिटले म्हणजे खालची पिवळी बाजू व तिजवरील काळ्या शिरा दिसतात.

मादी वाघांटीच्या किंवा तिच्याच कुळांतील दुसऱ्या झाडाच्या पानावर पुंजक्यानें अंडीं घालते. त्यांतून निघालेल्या हिरव्या, काळसर डोक्याच्या अळ्या एका पंगतीस बसून पानें खातात. कात टाकीत टाकीत पुरती वाढलेली अळी स्वतःस रेशमी धाग्यानें कमरेशीं बांधून घेते व तिचा कोश बनतो. कांहीं दिवसांनीं कोश फोडून फुलपांखरूं बाहेर येतें आणि ओले पंख वाळेपर्यंत तेथेंच लटकून राहतें.

पानांची ही चाळण पाहून आमच्या घरीं वाद झाला. वडील मंडळी औषध फवारा म्हणत, मुलें नको म्हणत. विचारांतीं आम्हांस मुलांचेंच म्हणणें पटलें. वाघांटी चिवट आहे. पानें गेलीं तरी ती पुन्हा फुटते. शिवाय ज्या वेलाचें फळ नैवेद्यास न्यावयाचें त्यावर विष कां शिंपडावें? शेतकऱ्यासही ह्या पांढऱ्या थव्याचें भय नको. ही अळी कपाशीस वा केळीस तोंड लावीत नाहीं.

हेंच फुलपांखरूं आफ्रिकेंतही आहे. तेथील दक्षिण भागांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास त्याचे प्रचंड थवे दूरचा प्रवास करतात. एवढा प्रवासी जीव, पण त्याचें बाळपण मात्र वाघांटीच्या कुळावांचून होत नाहीं. बांध साफ करतांना वेल मुळासकट उपटला, तर द्वादशीची भाजी जाते आणि हे पाहुणेही जातात. फवारणी टळली तरी कुऱ्हाड उरतेच. म्हणून कुंपणाशीं एक तरी वाघांटी राखावी, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.