खोका मोठा, वॅट कमी

कॉलेजच्या युवा महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार वाजणार असेल, तर तिची वायर बहुतेक वेळा सभागृहाच्या साउंड सिस्टिममध्येच जोडली जाते. त्याच स्पीकरवरून थोड्या वेळापूर्वी प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालेलं असतं. मुलगा डिस्टॉर्शनचं पेडल दाबतो आणि डोकं उठवणारी चरचर सुरू होते. परीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडतात, मागे बसलेले पालक हे वाद्यच कर्कश आहे असं ठरवून मोकळे होतात. वाद्य कर्कश नाही. त्या मुलाला आपण अर्धंच वाद्य दिलेलं असतं.

उरलेलं अर्धं म्हणजे स्पीकरचा खोका, ज्याला आम्ही वाजवणारे कॅबिनेट म्हणतो. भाषणाच्या स्पीकरला ट्वीटर असतो, तो अगदी बारीक, वरचे आवाजही जसेच्या तसे बाहेर टाकतो. गिटारच्या स्पीकरला ट्वीटर नसतो. बारा इंचांचा कागदी कोन, आणि ५,००० हर्ट्‌झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्‌झचा आहे. डिस्टॉर्शनमुळे त्या स्वरावर वरच्या स्वरांशांचा जो ढीग चढतो, त्यातला टोचणारा भाग हा कागद गिळून टाकतो आणि गाभा तेवढा ठेवतो. ही त्याची उणीव नाही. गेल्या साठेक वर्षांत रॉकमध्ये जो गिटारचा आवाज आपण ऐकला, तो या कागदातून गाळून आलेला आहे.

मी मिरजेत गिटार शिकवते. माझ्या क्लासपासून सतारमेकर गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे सतारी आणि तानपुरे घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ साली मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरच्या बाजूने आलेला भोपळा कारागीर कसा वाजवून, निरखून निवडतात, हे इथे लहान मुलालाही माहीत असतं. तानपुऱ्याच्या तारा चांगल्या आहेत, भोपळा कुठलाही चालेल, असं या गावात कुणी म्हणणार नाही. गिटारच्या खोक्याला मात्र आपण सामान समजतो, मंडपवाल्याच्या टेंपोत टाकण्यासारखं. माझं म्हणणं सरळ आहे: कॅबिनेट हे वाद्य आहे, ते वाद्यासारखं बनवावं, मोठं बनवावं, आणि कमी वॅटवर वाजवावं.

मोठ्या कॅबिनेटचा जन्म गरजेतून झाला. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं, ते स्वतः ड्रम शिकवत. १९६२ साली त्यांच्याकडे पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, फेंडर कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवर बेतलेला. त्या काळचे सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची स्पीकर जेमतेम १५-२० वॅट पेलत. दोन लावले तर टिकेनात, म्हणून चार लावले आणि खोक्याची पाठ बंद केली. पुढे १९६५ च्या सुमारास ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडने याहून मोठं मागितलं, तेव्हा आठ स्पीकरांचं अखंड कॅबिनेट बनलं. ते उचलता उचलता बँडच्या माणसांचे हाल झाले. मग आठाचे चार-चार केले आणि एकावर एक रचले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या मागे दिसते ती खोक्यांची भिंत इथून आली. सभागृहात गिटारसाठी वेगळे माइक आणि मोठी साउंड सिस्टिम नव्हती, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज याच खोक्याला पोचवावा लागे.

आज ते काम माइक करतो. मग एवढा खोका हवा कशाला, असं मला नेहमी विचारतात.

उत्तराआधी तो बनतो कसा ते सांगते. माझं कॅबिनेट आम्ही इथेच बनवलं. मी, माझे दोन विद्यार्थी, आणि एरवी मॉड्युलर किचन करणारे एक सुतारकाका. माप ३० इंच उंच, ३० इंच रुंद, १४ इंच खोल. आठ बाय चारच्या १८ मिलिमीटर प्लायच्या एकाच शीटमधून सहाही फळ्या निघतात. मार्शल बर्च प्लाय वापरत आले आहेत, त्याचे थर पातळ आणि एकसारखे असतात. आपल्या बाजारात चांगला मरीन प्लाय मिळतो, पण शीट घेताना बोटाच्या पेरांनी सगळीकडे ठोकून बघावी. आत पोकळी असेल तिथे आवाज बदलतो. कपाटाला ती पोकळी चालते. इथे चार स्पीकर हलू लागले की ती जागा भरभरते आणि स्वर घाण होतो. एमडीएफ स्वस्त पडतो, पण जड होतो आणि दोन-चारदा उघडलं की त्यात स्क्रू धरत नाही. मी तो कुणालाच सुचवत नाही.

कोपऱ्यांना दातऱ्याचा सांधा, भरपूर फेव्हिकॉल, रात्रभर क्लॅम्प. पुढच्या फळीला अकरा इंचांची चार भोकं. सुतारकाकांनी विचारलं, “ताई, याला ना दार ना कप्पा, मग एवढं मापात कशासाठी?” कारण चारही कोन एकत्र मागे येतात तेव्हा आतल्या हवेवर दाब येतो, आणि जिथे फट असेल तिथून ती हवा फुसफुसत बाहेर पडते. पुढची फळी आणि मागचं झाकण यांना मधोमध जोडणारा एक दांडका आम्ही बसवला, नाहीतर एवढ्या रुंद फळ्या स्वतःच थरथरायला लागतात. बाहेरून सोफ्याचं रेक्झिन. जाळीचं कापड मात्र तोंडाशी धरून फुंकर मारून निवडलं. फुंकर अडली तर आवाजही अडणार.

आतली जोडणी घाबरण्यासारखी नाही. स्पीकर १६ ओहमचे. दोन-दोन एकामागोमाग जोडले की प्रत्येक जोडी ३२ ओहमची होते, त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा १६. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला हा आकडा जुळला पाहिजे, आणि स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प कधी वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. झाकण लावण्याआधी नऊ व्होल्टची बॅटरी अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वायरींना क्षणभर टेकवायची, धनाला धन. चारही कोन एकदम बाहेर उडी मारतात. एखादा आत गेला तर त्याच्या वायरी उलट्या आहेत. तो तसाच राहिला तर बाकीचे तीन हवा ढकलताना हा ओढत बसेल, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतील.

आता वॅट. लोकांना वाटतं, मोठा खोका म्हणजे मोठा आवाज. आपल्याकडे मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी हा समज पक्का केला आहे, आणि त्या भिंतींनी छातीत धडकी भरलेल्या म्हाताऱ्या माणसांची मला खरोखर काळजी वाटते. पण आवाज किती मोठा, हे प्रामुख्याने अ‍ॅम्पच्या हातात असतं. चांगला गिटार स्पीकर एका वॅटला एक मीटरवर शंभरच्या आसपास डेसिबल देतो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे घरात एक वॅटसुद्धा जास्तच. वॅट दहापट केले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दुप्पटच वाटतो, आणि पैसे कितीतरी जास्त घेतो. त्यात चार स्पीकर एकत्र हवा ढकलत असतील तर खालच्या स्वरांसाठी तेच वॅट जास्त कामाला येतात. पाच वॅटचा अ‍ॅम्प मोठ्या कॅबिनेटला जोडून बघा. आवाज बेताचा ठेवूनही स्वर भरलेला येतो, आणि जाड तारेचा ठोका जमिनीतून पावलांना कळतो. छोट्या खोक्यात हा भाग मिळत नाही.

वाजवताना कुठे उभं राहायचं, हेही शिकावं लागतं. बारा इंची स्पीकरचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. खोका घोट्याशी ठेवून वाजवणाऱ्याला ते ऐकूच येत नाहीत. तो ट्रेबल वाढवत जातो आणि पहिल्या रांगेचे कान फुटतात. खोका मागे कलता ठेवावा, आपण चार पावलं लांब जावं, आणि जिथे श्रोते बसणार तिथून निदान एकदा ऐकावं.

हेडफोन आणि मोबाइलवरच्या नकली कॅबिनेटला माझा विरोध नाही. रात्री १० नंतर फ्लॅटमध्ये सरावाला दुसरा मार्गच नाही, आणि आज त्यांचा आवाज खरोखर चांगला असतो. पण खोक्यातून आलेली हवा गिटारच्या तारेला पुन्हा हलवते, तार स्पीकरला, स्पीकर तारेला. या फेऱ्यातून स्वर लांबतो, कधी हाताबाहेर जाऊन किंचाळतो. न वाजणाऱ्या तारा तळव्याने दाबून ठेवायच्या, हे मी मुलांना हेडफोनवर वर्षभर सांगितलं तरी पुरेसं मुरत नाही. कॅबिनेटसमोर उभं केलं की दाबायला विसरलेली तार लगेच बोंबलते आणि हात आपोआप शिस्तीला लागतो.

वजनाचा मुद्दा खरा आहे. स्पीकर धरून खोका चाळीस किलोच्या पुढे जातो, दोन माणसं आणि चाकं लागतात. प्रत्येक घरात तो ठेवावा असं मी म्हणतच नाही. तो कॉलेजात असावा. ज्या कॉलेजांचे विद्यार्थी युवा महोत्सवाच्या पाश्चात्त्य वादनात उतरतात, तिथे सांस्कृतिक विभागाने चार स्पीकरांचं एक कॅबिनेट आणि १५-२० वॅटचा एक अ‍ॅम्प ठेवावा. स्पर्धेच्या दिवशी कॅबिनेटसमोर एक माइक लावावा, सभागृहाला आवाज तिथून द्यावा आणि रंगमंचावरचा आवाज मर्यादेत राहील हे आयोजकांनी पाहावं. तबलजीला स्वतःचा तबला आणता येतो, हार्मोनियम आयोजक देतात, तशी ही सोय नियमावलीत लिहून टाकावी. सुतार गावात आहेत, प्लाय मिळतो, आणि एकदा घेतलेले चार स्पीकर वर्षानुवर्षं टिकतात, कमी वॅटवर वाजवले तर आणखीच.