वाळूवरचा खेळ आणि वसतिगृहाचे ताट

बीच व्हॉलीबॉल म्हणजे सहा जणांच्या व्हॉलीबॉलचे छोटे आणि हौशी रूप, असा समज आपल्याकडे रूढ आहे. मैदान लहान होते हे खरे. १८ बाय ९ मीटरच्या जागी १६ बाय ८ मीटर. परंतु खेळाडू सहाचे दोन होतात आणि जाळीची उंची मात्र तीच राहते, पुरुषांसाठी २.४३ व स्त्रियांसाठी २.२४ मीटर. राखीव खेळाडू नसतो. एकाचा पाय मुरगळला वा दम तुटला तर त्याच्या जागी दुसरा उतरत नाही. जोडीच सामना गमावते. २१ गुणांचे दोन सेट, बरोबरी झाल्यास १५ गुणांचा तिसरा, आणि ऊन-वाऱ्याचा लाभ एकाच बाजूस मिळू नये म्हणून पहिल्या दोन सेटमध्ये दर ७ गुणांनी बाजूंची अदलाबदल. समोरच्या जोडीतील दमलेला खेळाडू हेरून प्रत्येक सर्व्हिस त्याच्याच अंगावर टाकणे, ही या खेळातील सर्वमान्य युक्ती आहे. सहा जणांच्या संघात अर्धपोटी खेळाडू कसाबसा झाकला जातो. दोघांच्या संघात तो लगेच उघडा पडतो.

आपल्या विद्यालयाने हा खेळ गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते. १९९६च्या अटलांटा स्पर्धेपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. मे २०२५मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, त्यांतही व्हॉलीबॉल होता. म्हणजे शाळकरी खेळाडूला पुढे वाट आहे. साहित्य म्हणाल तर एक जाळी, चेंडू आणि सीमारेषेसाठी दोरी. मैदान समुद्राने घालून दिलेलेच आहे. भाट्याची पुळण, मांडवीची काळी वाळू, मुरुगवाड्याकडचा पांढरा समुद्र. लाकडी तळाचे बंदिस्त क्रीडागृह ज्यांना कधीच परवडणार नाही, त्यांना निसर्गाने दिलेली ही सवलत आहे. (रापण ओढणाऱ्यांना त्यांची जागा आणि त्यांची वेळ आधी द्यावी, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.) मात्र मैदान फुकट मिळाले तरी त्यावर खेळणारे शरीर फुकट घडत नाही.

वाळूवर पाय टाकला की जोराचा काही भाग वाळू सरकवण्यातच खर्च होतो. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कठीण जमिनीच्या तुलनेत वाळूवर धावण्यास सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे मोजून दाखवले गेले. चालण्यास तर दुपटीहून अधिक. उडी कमी जाते, म्हणून ती अधिक जोराने घ्यावी लागते. गुडघ्यांना बसणारा हादरा कमी, हा फायदा आहे. खांदा आणि कंबर यांवरचा ताण मात्र चुकत नाही. त्यात आपली दमट हवा. नागपूरचा घाम वाळतो, रत्नागिरीचा घाम अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. मांडवीची काळी वाळू दुपारी किती तापते हे अनवाणी चाललेल्या कोणासही विचारावे.

आता ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूसाठी मान्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम अशी आहे. म्हणजे ५० किलोच्या मुलीला निदान ६०. वसतिगृहाचे सर्वसाधारण ताट मोजून पाहा. दिवसाला पाव किलो तांदूळ, चार चपात्या, दोन वाट्या आमटी. डाळ दाट असली तर या सर्वांची मिळून बेरीज ४३-४४ ग्रॅमपर्यंत जाते. आमटीच्या तळाशी ताटलीची नक्षी दिसत असेल तर तेवढीही नाही. म्हणजे न खेळणाऱ्या मुलीचे कसेबसे भागते, खेळणारीचे १६-१७ ग्रॅम कमी पडतात. वाढीच्या वयात ही तूट शरीर आपल्याच स्नायूंतून भरून काढते. मग प्रशिक्षक म्हणतो, ‘पोरगी आळशी झाली.’

ही तूट भरणे काही अवघड नाही. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम देतात, मूठभर फुटाणे ६. मीरकरवाड्यावर उतरणाऱ्या बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिने असतात. बाजारातील रंगीत डब्यांतल्या पावडरी एका महिन्यात जेवढे पैसे खातात, तेवढ्यात एका मुलाची अंडी कितीतरी अधिक काळ निघतील. अडचण पैशाची आहेच, परंतु तिच्याहून मोठी अडचण मनातली आहे.

आपल्यातील काही सुशिक्षित, सुस्थित मंडळींना अलीकडे वाटू लागले आहे की बौद्ध संस्थेच्या स्वयंपाकघरात अंडे वा मासळी असू नये. काही दाते देणगी देताना तशी अटही सुचवतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. ज्याला स्वतःला शाकाहारी राहावेसे वाटते त्याने अवश्य राहावे, आणि ज्या मुलाला मांसाहार नको त्याच्यावर सक्ती होऊ नये. पण धम्माच्या नावाने ही अट घातली जाते तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हरकत घ्यावी लागते. विनयपिटकात देवदत्ताची कथा आहे. भिक्षूंनी आयुष्यभर मत्स्य-मांस खाऊ नये, हा नियम सर्वांना लावा, अशी मागणी त्याने केली होती. तथागतांनी ती फेटाळली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे सांगून हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. आणि सहा वर्षांच्या देहदंडानंतर सिद्धार्थाने सुजाताच्या हातचे अन्न स्वीकारले, ते तरी कशासाठी? उपाशी शरीराने सत्य सापडत नाही, हे त्याला अनुभवाने कळले होते.

यावर कोणी महाडचा दाखला देतात. मार्च १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले, म्हणून मांसच वर्ज्य, असा तो तर्क. तो चुकीचा आहे. त्या सांगण्याचा रोख आहारशास्त्रावर नव्हता, तो गुलामीवर होता. मेलेले ढोर ओढणे, त्याचे मांस खाणे आणि दारोदार उष्टे मागणे ही गावगाड्याने लादलेली एकच साखळी होती. ती तोडायची होती. तिचा आजचा अर्थ शोधायचाच असेल तर तो अंड्याला नकार देण्यात सापडणार नाही. शहरातील समारंभात उरलेले अन्न रात्री दहा वाजता वसतिगृहाच्या दारात ‘दान’ म्हणून उतरवले जाते, तेव्हा ते नम्रपणे परत पाठवण्यात तो सापडेल.

खेळ आणि अन्न यांचा जातीशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी पळवणकर बाळूंचे चरित्र वाचावे. चर्मकार समाजातील हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघाला मैदानावर हवा होता. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाला वेगळी पंगत. चेंडू सर्वांनी हाताळलेला चालत होता. पुढे याच बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. १९३७च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हेही आपण मुलांपासून लपवू नये. तरीही तरुण बाबासाहेबांना त्यांचा अभिमान होता, आणि तो सार्थ होता. खेळाडूचे कसब वापरावे आणि त्याच्या ताटाकडे पाठ फिरवावी, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

शासनाचे धोरणही याच अंगाने पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळी, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला. आपल्या निवासी विद्यार्थ्यांचा हिशेब वेगळा असला तरी यातून एक गोष्ट कळते. गरीब मुलाच्या ताटातील सर्वांत आधी कमी होणारा पदार्थ अंडे हाच असतो.

कोकणातील अडचण आणखी एक आहे. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ, आणि शाळा सुरू होतात त्या नेमक्या जूनमध्ये. त्या दोन महिन्यांत किनाराही खेळण्यालायक नसतो. सराव पटांगणात आणि व्यायामशाळेत चालतो. तेव्हा सुके बोंबील, जवळा आणि सुकट यांवर आपल्या आजीने जे पावसाळे काढले ते आठवावे. जवळ्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. फक्त तो नीट धुऊन मीठ कमी करावे. कुळथाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा झाली तर मुले कंटाळत नाहीत, फोडणीत लसूण सढळ असावी एवढेच. नाचणीच्या भाकरीतून हाडांना चुना मिळतो. आणि सरावानंतर बाटलीतील रंगीत पेयापेक्षा उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज किती तरी सरस. गेलेले पाणी, मीठ आणि ऊर्जा ती एकदमच परत देते. आजाऱ्याचे अन्न म्हणून तिला आपण उगाच हिणवतो.

मुलींविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नसेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि दुसऱ्या सेटमध्ये पाय उचलत नाहीत. जिद्द कितीही असो. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटच्या रूपाने लोह भरलेले आहे, आणि तिच्यावर उड्या मारणाऱ्या मुलीच्या रक्तात ते नाही. आठवड्याची लोहाची निळी गोळी शासन देते. ती मुलींच्या हातात देऊन भागत नाही, जेवणानंतर समोर गिळायला लावावी लागते. जेवणाबरोबरचा चहा बंद करून त्या जागी लिंबू वा आवळा दिल्यास अन्नातील लोह अधिक शोषले जाते. पाळी अनियमित झाली तर ती सरावाची शिस्त नव्हे, उपासमारीची खूण समजून डॉक्टरांकडे न्यावे. पोशाखामुळे बिचकणाऱ्या पालकांसाठीही एक माहिती. २०१२पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीच स्त्रियांना आखूड वस्त्रांऐवजी चड्डी व बाह्यांचा सदरा घालण्याची मुभा दिली आहे, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची एक खेळाडू पूर्ण अंग झाकून खेळली.

राहता राहिला उपोसथाचा आणि श्रामणेर शिबिरांचा प्रश्न. विकालभोजन वर्ज्य करण्याचे शील मुले त्या दिवसांत घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. या संस्काराला माझा विरोध नाही; मीही तो पाळतो. परंतु त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता त्याच मुलांना वाळूवर उतरवणे हे अविचाराचे आहे. विनयाने आजारी भिक्षूला दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध व गूळ यांची मुभा दिली. तिथेही शरीराचा विचार आहेच. म्हणून पौर्णिमेच्या दिवशी सराव नको, शिबिराच्या काळात जाळी गुंडाळून ठेवावी, आणि स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात शिबिर ठेवू नये. इतर दिवशी सराव साडेसहाला संपतो आणि जेवण आठला लागते. मधल्या दीड तासात प्रत्येक खेळाडूला दोन अंडी, अथवा फुटाणे-गूळ आणि केळे, ही सोय या जूनपासूनच व्हावी. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एका महिन्याचा खर्च वाटून घेतला तर दात्यांच्या अटींकडे पाहण्याची वेळ येणार नाही. या स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर ज्यांची छायाचित्रे आहेत, त्यांतील अनेक जण याच ताटावर वाढले आहेत. त्यात काय कमी होते हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे.