नावात पीएनजी, पोटात भलतंच!

माझी भाची सातवीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिने संगणकावर एक खेळ रचायला घेतला. गाडी गल्लीतून पळते, वाटेत गुरंढोरं आडवी येतात, धडकलात की खेळ खल्लास! चित्रं तिने पाठकोऱ्या कागदांवर रंगवली, त्यांचे फोटो काढले. आवाज मामाचे, म्हणजे माझे. (म्हैस मी बरी ओरडतो.) पण चित्रं, आवाज, फॉन्ट असं सगळं दहा फोल्डरांत विखुरलेलं. मी म्हटलं, "संगणकालाच आवरायला लावू की!"

पायथन भाषेत हे काम थोड्याच ओळींत होतं. एकेक फाईल घ्यायची, नावातल्या शेवटच्या टिंबापुढचं शेपूट बघायचं. पीएनजी किंवा जेपीजी असेल तर 'चित्रे' फोल्डरात, वेव्ह किंवा एमपीथ्री असेल तर 'आवाज'मध्ये, टीटीएफ असेल तर 'फॉन्ट'मध्ये. यातलं काहीच नसेल तर 'इतर'मध्ये. पहिल्याच फेरीत निम्मी चित्रं 'इतर'मध्ये जाऊन बसली! कॅमेऱ्याने शेपटं कॅपिटल अक्षरांत लिहिली होती आणि प्रोग्रॅमला ती वेगळी वाटली. म्हणून आधी शेपटाची सगळी अक्षरं लहान करून घ्यायची, मग तुलना.

पुढे रस्त्याचं चित्र अडलं. खेळाला पीएनजी हवं म्हणून बाईसाहेबांनी जेपीजी फाईलचं नुसतं नाव बदललं होतं. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलतो का? मग खरा प्रकार ओळखायचा कसा? फाईल म्हणजे शेवटी 0 ते 255 या आकड्यांची लांबलचक रांग. अस्सल पीएनजीच्या रांगेत पहिला 137, मग 80, 78, 71. हे पी, एन, जी या अक्षरांचेच संकेतांक. जेपीजी 255, 216 ने सुरू होते. झिप फाईलच्या तोंडाशी बहुधा 'पीके' असतं, ती बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं! तुम्ही स्क्रॅच 3 मध्ये खेळ करत असाल, तर त्याची एसबीथ्री फाईलही पीकेनेच सुरू होते. ती मुळात झिपच असते, आत चित्रं नि आवाज भरलेले. तेव्हा शेपटावर विसंबू नका, प्रोग्रॅमला पहिले चार-सहा आकडे वाचायला लावा.

खरा घोळ मात्र मीच घातला. आवरण्याआधी चित्रं होती 41, नंतर भरली 39. गाय, म्हैस आणि कुत्रा, तिन्ही फोल्डरांत पहिल्या चित्राचं नाव '1' असंच. तिन्ही एकाच फोल्डरात आली आणि आमच्या लिनक्स संगणकाने काही न विचारता एकावर एक लिहून टाकली. राहिला फक्त कुत्रा! फोनमधले फोटो तर तिने कधीच पुसले होते. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

आता आमचा प्रोग्रॅम फाईल हलवत नाही, तिची नक्कल करतो. त्या नावाची फाईल तिथे आधीच असेल तर नव्या नावापुढे फोल्डरचं नाव जोडतो. शेवटी आधीचे नि नंतरचे आकडे जुळतात का तेही सांगतो. हो, आणि चित्राची जागा बदलली की खेळाच्या प्रोग्रॅममधला त्याचा पत्ताही बदलावा लागतो, नाहीतर गाडी दिसणारच नाही.

गायीचा कागद रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला. म्हशीचा नाही मिळाला. तिने ती पुन्हा काढली आहे, या वेळी शिंगं चांगली लांब!