रोजमेळ विजेचा

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात नातवाच्या हट्टापायी काचेची मत्स्यपेटी आली. दिवाणखान्यात, आजींच्या बसण्याच्या जागेजवळच ती मांडली गेली आणि माशांना खाऊ घालण्याचे काम ओघानेच आजींकडे आले.

थंडी पडू लागली तसा पाण्यात हीटर बसवण्यात आला. त्यानंतर आठवडाभराने आजी सुनेला म्हणाल्या, "अगं, पाण्याला बोट लागलं की हाताला झिणझिण्या येतात." सुनेने हात घालून पाहिला, तिला काहीच जाणवले नाही. मुलगा म्हणाला, "आई, तुझी साखर वाढली असेल, डॉक्टरांना दाखवू." साखर तपासली, ती आटोक्यात होती. झिणझिण्या मात्र थांबल्या नाहीत. वय झाले म्हणजे असे काही ना काही व्हायचेच, अशी समजूत घालून आजींनीही तो विषय सोडला.

उलगडा केला तो पंखा दुरुस्त करण्यास आलेल्या वायरमनने. गोष्ट कानावर पडताच त्याने एकच प्रश्न विचारला, "आजी, घरात तुमच्या पायांत चप्पल असते का?" आजी घरात अनवाणीच वावरत. सून टाचदुखीमुळे रबरी स्लीपर घालत असे. वायरमनने प्रथम हीटरचा प्लग उपसला आणि मग हीटर बाहेर काढला. त्याच्या काचेला केसासारखा बारीक तडा गेलेला होता. सकाळी फरशी पुसल्यावर ती ओली असतानाच आजी पाण्यात हात घालीत होत्या. त्यांच्या हातून नुसत्या झिणझिण्यांवर निभावले, ते केवळ नशीब.

मुलाला दोन गोष्टींचे आश्चर्य वाटले. पाण्यात वीज उतरली होती, तर मासे कसे जगले? आणि घरात एमसीबी असताना ती पडली का नाही?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. विजेला वाहण्यासाठी वाट लागते. काचेच्या पेटीतील पाणी जमिनीपासून तुटलेले असते, म्हणून विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याप्रमाणे मासाही त्यात सुरक्षित राहू शकतो. माणूस पाण्यात हात घालतो आणि त्याचे पाय जमिनीवर असतात, तेव्हा वाट पूर्ण होते. ती वाट म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी निर्धोक आहे, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

दुसऱ्याचे उत्तर व्यापाऱ्याला चटकन पटण्यासारखे आहे. एमसीबी ही तारांच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. सोळा अँपिअरची एमसीबी सोळा हजार मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे वाहू देते. माणसाला मात्र एका मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात, दहाच्या सुमारास स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही, तीसच्या पुढे श्वास कोंडू शकतो आणि पन्नास ते शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ओल्या त्वचेमुळे शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरला, तर घरातील 230 व्होल्टचा दाब 230 मिलिअँपिअर प्रवाह सहज ढकलतो. एमसीबीच्या लेखी ही चिल्लर होय.

ही चिल्लर मोजणारे उपकरण म्हणजे आरसीसीबी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिल यांनी विजेचा धक्का माणसाला किती प्रवाहापर्यंत सोसवतो याचा दीर्घ अभ्यास केला आणि 1961 मध्ये या जातीचे, अगदी अल्प गळतीवर वीज तोडणारे उपकरण सिद्ध केले. त्याचे तत्त्व रोजमेळाचेच आहे. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. जमा आणि नावे जुळली नाहीत, तर फरकाची रक्कम कोठेतरी गळते आहे. कदाचित कोणाच्या तरी देहातून. घरासाठीच्या उपकरणात हा फरक तीस मिलिअँपिअरवर पोहोचताच ते 300 मिलिसेकंदांच्या आत वीज तोडते. खरेदी करताना त्यावर '30 एमए' आणि आयएस 12640 या मानकाची खूण पाहावी.

तरीही हे उपकरण म्हणजे अभयदान नव्हे. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना स्पर्श झाला, तर त्याचा हिशेब जुळलेलाच राहतो आणि ते पडत नाही. अतिभारापासूनही ते वाचवीत नाही. त्यासाठी एमसीबी हवीच. शिवाय अर्थिंगचे महत्त्व वेगळे आहे. जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. हे वायरमनकडून मोजून घ्यावे. काही हौशी लोक पाण्यात अर्थिंगची सळई सोडतात. आरसीसीबी असेल, तर गळती होताच ती पडते, हा लाभ खरा. पण आरसीसीबी नसताना तीच सळई विजेला पाण्यातून वाहण्याची कायमची वाट करून देते. म्हणून आधी आरसीसीबी, मग बाकीचे.

उरलेल्या गोष्टी खर्चाच्या नव्हेत, सवयीच्या आहेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण वायरिंग उलटे झाले असेल, तर बटण बंद असूनही फेज आत पोहोचलेला असतो. हीटर बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबूनच पाणी उपसावे. तापलेली काच उघडी पडून पुन्हा गार पाण्याला भिडली की तडकते. प्रत्येक तार सॉकेटच्या पातळीखाली थोडी लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब खालीच गळतात आणि सॉकेटमध्ये शिरत नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड पेटीखाली जमिनीवर ठेवू नये. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. अन्यथा वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

आणि दुर्दैवाने कोणी चिकटलेच, तर धावत जाऊन त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल, तर 108 वर फोन करून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे.

त्या घरात दुसऱ्याच दिवशी आरसीसीबी बसली. गोदामातील हळदीचा विमा दर वर्षी न चुकता उतरवणाऱ्या मुलाला एका गोष्टीची खंत राहिली: आईने तक्रार सांगितली होती, ती त्याने वयाच्या खात्यावर टाकून दिली होती. आता दर महिन्याच्या एक तारखेला, दुकानाच्या वह्या उघडण्यापूर्वी, तो आरसीसीबीवरचे तपासणीचे बटण दाबतो. खटका पडतो, घरभर क्षणभर अंधार होतो आणि आजी आपल्या जागेवरून विचारतात, "मिळाला का रे मेळ?"

"मिळाला, आई," असे म्हणून तो खटका पुन्हा वर करतो.