वळवाचा ढग एकटा येत नाही



चैत्र सरत आला की दुपारी चारच्या सुमारास क्षितिजावर पिंजलेल्या कापसासारखा ढग उभा राहतो. खळ्यावर हरभऱ्याची रास असते, वावरात काढलेला कांदा असतो आणि घराच्या छपरावर मायबहिणींनी कुरडया घातलेल्या असतात. अशा वेळी घरात एकच प्रश्न असतो : हा इकडे येतोय की तिकडूनच जातोय?

या प्रश्नाचे उत्तर देताना माझी एकदा चांगलीच फजिती झाली. २०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. सिन्नरच्या बाजूच्या आमच्या नानांचा फोन आला, "साहेब, कांदा काढून वावरात पडलाय. झाकू का?" मी मोबाईलवर रडारचे चित्र उघडले. नानांच्या गावापासून चाळीसेक किलोमीटरवर एक लाल ठिपका होता आणि तो पूर्वेकडे सरकत होता. मी सांगितले, "राहू द्या, तो वरच्या वर निघून जाईल." दोन तासांनी नानांचा कांदा पाण्यात होता. मी पाहिलेला ढग खरेच निघून गेला होता. जो बरसला, तो मी चित्र पाहिले तेव्हा जन्मलाच नव्हता. नाना रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा ढग गेला, माझा आला."

ते वाक्य मला लागले. मग मी बसून हा विषय पुन्हा वाचून काढला.

वळवाच्या एका ढगाचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे, फार तर तासाभराचे. त्याच्या पावसाबरोबर वरची गार हवा धाडकन खाली येते आणि अंगणात घागर उपडी करावी तशी चहूकडे पसरते. पावसाआधी मातीचा वास घेऊन येणारा गार वारा तो हाच. ही जड हवा पुढच्या तापलेल्या, दमट हवेच्या खाली शिरून तिला वर उचलते आणि तिथे नवा ढग फुटतो. म्हणजे बाप ढग विरतो, पण पोरे पुढे चालत राहतात. अशी वीस-पंचवीस पोरे एका रांगेत आली की शंभर-दीडशे किलोमीटर लांबीचे कुटुंबच तयार होते आणि ते चार-सहा तास तालुक्यांमागून तालुके तुडवत जाते. आपल्याला बांधावरून त्यातला एकच ढग दिसतो. अख्खे कुटुंब दाखवते ते रडार.

रडारची तबकडी गोल फिरत लहरींचे ठोके सोडते. थेंबांवर आपटून त्यांचा प्रतिध्वनी परत येतो. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात, त्यामुळे १५० किलोमीटरवरच्या ढगाला शिवून त्या सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतात. थेंब दुप्पट जाडीचा असेल तर प्रतिध्वनी दुप्पट होत नाही, ६४ पट होतो. म्हणून टपोऱ्या थेंबांचा ढग चित्रात लालभडक दिसतो. प्रतिध्वनी ५५ डेसिबलच्या वर गेला की गारांची शंका घ्यावी. डॉप्लर जातीचे रडार थेंब आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत हेही सांगते. आपल्या देशात असे पहिले रडार २००२ साली चेन्नईला बसले. आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूरच्या रडारांचा आधार मोठा आहे.

आता घरातल्या शिकल्या पोराला किंवा पोरीला हाताशी घ्या. हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर किंवा संकेतस्थळावर रडारची चित्रे मिळतात. चित्रावरची वेळ आधी पाहा. ती जागतिक वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर दुपारचे चित्र सकाळचे समजून बसाल. एकच चित्र पाहून निर्णय करू नका, माझी चूक तीच होती. मागच्या तासाभराची चित्रे एकामागून एक पाहा. ढगांच्या रांगेची पुढची कड अर्ध्या तासात किती सरकली ते बोटाने मोजा. नवे ठिपके कोणत्या अंगाला फुटताहेत ते पाहा, कारण जुन्या ढगाची चाल एकीकडे आणि कुटुंबाची वाट दुसरीकडे असू शकते. रांगेपुढे कधीकधी केसासारखी बारीक, फिकट रेघ दिसते. ती पावसाची नव्हे. गार वाऱ्याच्या तोंडाशी गोळा झालेली धूळ आणि किडे रडारला दिसतात, त्यांची ती रेघ. नवा ढग फुटण्याची जागा तीच. रांग धनुष्यासारखी वाकली असेल तर तिच्या पोटासमोर असणाऱ्यांनी पत्रे सांभाळावेत.

रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा किरण लांब जाता जाता उंच होत जातो. २०० किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचीवर असतो आणि खालचे काही दिसत नाही. सह्याद्रीच्या रांगाही आड येतात. तेव्हा चित्र कोरे म्हणजे आभाळ कोरे, असे धरू नये. आणि २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जी गारपीट झाली, तशीत उभा गहू आणि द्राक्षाचा मांडव रडारने वाचत नाही. वाचते ते कापलेले पीक, बांधलेले जनावर आणि रानातला माणूस. मिळतो तो तास, फार तर दोन तास.

विजेचे काम मात्र वेगळे, ती या चित्रात दिसत नाही. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. मोबाईल नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती दूर. आकडा तीसच्या आत असेल तर झाडाखालून निघा आणि पक्के घर गाठा.

मागच्या उन्हाळ्यात नानांचा पुन्हा फोन आला. "साहेब, नातीनं चित्रं बघितली. पश्चिमेला नवे ठिपके फुटताहेत म्हणती. मी ताडपत्री ओढायला लागलोय. तुमचं काय म्हणणं?" मी म्हटले, "ओढा."

त्या दिवशी नुसता वारा आला. संध्याकाळी नानांनी ताडपत्री काढून घडी घातली आणि मला फोन करून तसे सांगितलेही.