भीतीची गोडी आणि भीतीचा धडा

आमच्या वाचनालयाची वार्षिक सभा नुकतीच झाली. विषय नेहमीचेच. थकलेली वर्गणी, बंद पडलेला पंखा, मागच्या कपाटाला लागलेली वाळवी. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले आणि एक सभासद ताडकन उभे राहिले. म्हणाले, "जंगलात कुणीतरी जातो, तिथून भयंकर रोग घेऊन येतो, मग माणसं पटापटा मरतात, असल्या इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांचे अनुवाद यापुढे विकत घेऊ नयेत. कोरोनात आपण काय भोगलं ते आठवा. माणसांच्या मरणाची मजा घेणं सुसंस्कृत वाचकाला शोभत नाही."

टाळ्या पडल्या. मी हात वर केला आणि म्हणालो, "मी वाचतो. मला आवडतात." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शाळेच्या मागे विडी ओढताना सापडलोय! वेळ संपली होती, अध्यक्षांनी आभार मानून टाकले. बोलायचं राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

आधी कबुली. मी मराठी माध्यमाचा बी. ए. नोकरी सगळी सिंधुदुर्गातल्या शाळांत. लहानपणी बाबूराव अर्नाळकर गोधडीत लपवून वाचले. पुढे रॉबिन कुकचे मराठी अनुवाद आले, त्यांनी सुट्ट्या खाल्ल्या. रिचर्ड प्रेस्टनचं 'द हॉट झोन' (१९९४) पुतण्याने आणून दिलं, ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. ते सत्यकथा म्हणून लिहिलंय, पण चाल सगळी थरारकथेचीच. केनियातल्या माउंट एल्गनवरची ती किटुम गुहा, वटवाघळं, अंधार... रात्री दोनपर्यंत वाचत बसलो आणि मग परसात जायची हिंमत होईना. 'आउटब्रेक' हा १९९५ चा सिनेमा तर तीनदा पाहिला. झाईरमधलं एक माकड अमेरिकेत येतं आणि कॅलिफोर्नियातलं गाव आजारी पाडतं. तिन्ही वेळा घाबरलो, तिन्ही वेळा आवडला.

आता त्या सभासदांना माझं उत्तर. माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं, माळावर झोपड्या बांधून राहायचं, मागे कुणाच्या दाराला कुलूप आणि कुणाच्या घरात रडायलाही कुणी नाही. आम्ही पोरं तिला चिकटून ऐकायचो आणि संपली की "आणखी एक सांग" म्हणायचो. तिची स्वतःची माणसं त्यात गेली होती. तरी ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो. मग आजी असंस्कृत आणि आम्ही क्रूर, असं म्हणायचं का? भीतीची गोष्ट झाली की ती हातात धरता येते. कोरोनात आम्ही घरात बसून रोज आकडे ऐकत होतो, त्याला ना सुरुवात कळत होती ना शेवट. कादंबरीला शेवट असतो. तीनशे पानांनंतर कुणीतरी लस शोधतो, दिवा मालवून झोपता येतं. म्हाताऱ्या माणसाला एवढा दिलासा मिळत असेल तर तो काढून घेऊ नका.

इथवर माझी बाजू सोपी होती. पण सभा संपल्यावर बाहेर चपला घालताना दुसरे एक गृहस्थ माझ्या मदतीला आले. म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे. या पुस्तकांतूनच तर ज्ञान मिळतं. रोग कसा येतो, काय काळजी घ्यायची, सगळं कळतं. ही पुस्तकं वाचलेला माणूस सावध असतो."

वाचकहो, माझं खरं भांडण या माझ्या पाठीराख्याशी आहे. या पुस्तकांतून मजा मिळते. ज्ञान मिळतं म्हणाल तर ते बहुतेक उलटं मिळतं!

इबोलाचंच बघा. १९७६ साली झाईरमधल्या (आताचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) याम्बुकू या गावी हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. तिथला पहिला नोंदलेला रुग्ण कोण होता माहीत आहे? मिशनच्या शाळेचा मुख्याध्यापक, माबालो लोकेला. वय ४४. आमच्याच जातकुळीतला माणूस. ताप आला म्हणून २६ ऑगस्टला मिशनच्या रुग्णालयात गेला, हिवताप समजून त्याला इंजेक्शन दिलं, ८ सप्टेंबरला तो वारला. त्या रुग्णालयात परिचारिकांना रोज सकाळी फक्त पाच सिरिंज आणि सुया मिळायच्या. दिवसभर येणाऱ्या सगळ्या रुग्णांना त्याच. मधे कोमट पाण्यात विसळायच्या, बस्स. बायका तिथे गरोदरपणाच्या तपासणीला यायच्या, इंजेक्शन घ्यायच्या आणि घरी जाऊन मरायच्या. एकूण ३१८ जणांना लागण झाली, २८० मेले. रुग्णालयाच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले. रुग्णालय बंद पडलं तेव्हा साथ ओसरू लागली. आजूबाजूच्या गावांनी आपले आपण रस्ते अडवले होते, देवीच्या साथीत त्यांचे वाडवडील करायचे तसे.

आता सांगा, इथे खलनायक कोण? जंगल की न उकळलेली सुई? विषाणू रानातून आला असेल, पण त्याची साथ केली ती पाच सुयांनी. कादंबरीत मात्र सुई दिसत नाही, दिसतं ते घनदाट अरण्य आणि त्यातून आपल्याकडे बघणारे डोळे. सुईची गोष्ट सांगायची तर पैसे का नव्हते, शिकवलं कुणी नव्हतं, हे सगळं सांगावं लागतं. त्यात थरार नाही.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. १९६७ साली मारबुर्ग शहरात, फ्रँकफुर्टला आणि तिकडे बेलग्रेडला प्रयोगशाळेतली माणसं आजारी पडली. ३१ रुग्ण, ७ मृत्यू. रोग युगांडाहून आणलेल्या माकडांतून आला होता. माकडं काही तिकीट काढून युरोपला गेली नव्हती. लसीच्या कामासाठी त्यांना पकडून, पिंजऱ्यात घालून, विमानाने नेलं होतं. म्हणजे जंगल शहरावर चालून आलं नाही, शहर जंगलात जाऊन त्याला उचलून घेऊन आलं.

आणि नायक? कादंबरीतला नायक अंतराळवीरासारखा पोशाख घालून हेलिकॉप्टरमधून उतरतो. याम्बुकूला पहिल्यांदा पोचलेल्या शास्त्रज्ञांत किन्शासाचे डॉ. जाँ-जाक मुयेंबे होते. हातमोजे नव्हते. उघड्या हातांनी त्यांनी रुग्णांचं रक्त काढलं आणि साबणाने हात धुतले. वाचले हे नशीब. शोधाच्या गोष्टींत अनेक वर्षं त्यांना तळटिपेपुरतीच जागा मिळाली. ते तिथेच राहिले, साथीमागून साथी बघितल्या. १९९५ च्या किक्विटच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तापासून पुढे औषध तयार झालं, त्यात त्यांचा वाटा होता, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चव्वेचाळीस वर्षं! एवढी वाट बघायला कुठल्या कादंबरीला सवड आहे?

आणखी एक. 'द हॉट झोन' वाचून वाटतं की इबोला झालेला माणूस रक्तात विरघळून जातो. प्रत्यक्षात अनेक रुग्णांना उघड रक्तस्राव होतच नाही. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी जातं आणि माणूस खंगतो. वेळेवर सलाईन आणि शुश्रूषा मिळाली तर जगण्याची शक्यता वाढते. पण 'विरघळणारा' माणूस एकदा डोक्यात बसला की त्याला पाणी पाजायला कोण पुढे जाणार?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. आता जे सांगतो ते सभेत सांगायची माझी हिंमत झाली नसती.

माकडताप हे नाव आमच्याकडे आता सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ साली माकडं मरून पडू लागली, माणसं तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवा विषाणू शोधून काढला. गोचिडींतून पसरणारा. आधी कित्येक वर्षं तो तिकडेच होता. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात आला. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका काजूचा. बळी पडतात ते काजू गोळा करणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरं चारणारे. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर कुणी थरारकथा लिहिल्याचं मला तरी दिसलं नाही. पाचोळ्यात वाकून काजू वेचणाऱ्या बाईला हेलिकॉप्टर घ्यायला येत नाही.

२०१७ च्या हंगामात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला माकडताप झाला. काजूच्या बागेत मजुरीला जायचा. वर्गात गणितात कच्चा, पण माझी सायकल पंक्चर झाली की न सांगता काढून आणणारा. वीस दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. वाडीतल्या लोकांनी त्याच्या घरी जाणं बंद केलं. मी गुरुजी! मी तरी जायला हवं होतं की नाही? मी गेलो नाही. कुणाच्या तरी हाती थोडे पैसे पाठवले. एकदा त्याच्या घरावरून जाताना नाकाला रुमाल लावला, आणि त्याची आई अंगणात उभी होती.

माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. गोचीड चावावी लागते, किंवा आजारी, मेलेल्या माकडाशी संबंध यावा लागतो. आरोग्यसेवक घरोघरी येऊन हेच सांगत होते, त्यांचं पत्रक माझ्या टेबलावर होतं. ते मी वाचलंही होतं. पण डोक्यात किटुमची गुहा होती. तीस वर्षं साथीच्या कादंबऱ्या वाचून मी 'सावध' झालो होतो ना!

तो बरा झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्याची आई बाजारात भेटली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमी तरी येतलास असा वाटला होता." मी काय उत्तर देणार? भाजीची पिशवी या हातातून त्या हातात केली.

म्हणून माझं म्हणणं असं. वाचनालयाने ही पुस्तकं खुशाल घ्यावीत. ज्यांना नको त्यांनी वाचू नयेत, पण दुसऱ्याच्या आवडीला नावं ठेवू नयेत. आणि ज्यांना आवडतात त्यांनी, माझ्यासकट, त्यांना शहाणपण म्हणू नये. सर्कशीतला वाघ बघून कुणी वाघ ओळखायला शिकत नाही. जंगलातून रोग येतो तेव्हा तो बहुतेक वेळा आधी गरिबाला गाठतो आणि तिथे उकळलेली सुई, पूर्ण बाह्यांचा सदरा, अंगाला लावायचं तेल, रानातून आल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि ताप आल्याबरोबर रक्ततपासणी अशा बिनथराराच्या गोष्टी कामी येतात. आणि शेजाऱ्याने दारात येऊन विचारपूस करणं कामी येतं. हे कुठल्या कादंबरीत मला सापडलं नाही, पत्रकात होतं.

असो. पुढच्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एक, थरारकथांचं कपाट आहे तिथेच राहू द्यावं. दोन, आरोग्यसेवकांची माकडतापाची पत्रकं दर डिसेंबरला वाचनालयाच्या दारातच लावावीत, मोठ्या अक्षरांत. दुसऱ्याला कुणी विरोध करेल असं वाटत नाही. पहिल्यावर भांडण होईल, होऊ दे.

आणि हो, परवा त्या मुलाकडे जाऊन आलो. आता मुलगा कसला, चाळिशी गाठलीय. चहा घेतला. आईने काजूगर बांधून दिले.