जुनी आठशे की नवी वॅगन आर?

"दारात दोन-दोन गाड्या कशाला? जुनी काढून टाकू." नवी गाडी आली त्याच आठवड्यात ह्यांनी विषय काढला आणि माझ्या पोटात गोळाच आला. जुनी म्हणजे माझ्या बाबांची 2008 सालची मारुती 800. मी गाडी शिकले ती तिच्यावरच. नवी वॅगन आर रोज ह्यांच्याबरोबर कारखान्यावर जाणार, म्हणजे शाळेसाठी मी पुन्हा रिक्षाची वाट बघत उभी! म्हटलं, अहो, आधी दोघींची माहितीपत्रकं तर समोर ठेवू. मुलांना 'तुलना करा' घालणारी बाई मी. वही घेऊनच बसले.

तर मैत्रिणींनो, आठशेचं इंजिन 796 सीसीचं, ताकद 37 अश्वशक्ती. वॅगन आरचं 998 सीसी, ताकद 66. सिलिंडर दोघींना तीनच. पण नुसती ताकद बघून काय उपयोग? ओझंही बघायला हवं. जुनी साडेसहाशे किलोच्या आसपास, नवी आठशेच्या वर. भागाकार केला तर जुनीत एका घोड्यामागे साडेसतरा किलो येतात, नवीत सव्वाबारा. यवतेश्वराच्या घाटात हे गणित लगेच कळतं. चौघं बसलो की जुनीचा एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर कण्हत जायचं. नवी गप्पा न थांबवता चढते.

पेट्रोलचा हिशेब मी वाणसामानाच्या वहीतच मागच्या पानावर ठेवते. गावातल्या गावात जुनी लिटरला चौदा-पंधरा देते, नवी अठरा. कंपनीचा आकडा चोवीसच्या वर आहे, पण तो आमच्या राजवाड्यावरच्या गर्दीतला नव्हे!

मात्र गल्लीबोळात जुनीच शहाणी. नवीपेक्षा बत्तीस सेंटिमीटरने आखूड आणि अठराने अरुंद, शिवाय वळायलाही जागा कमी लागते. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे मंडईपाशी गाडी लावताना दंड भरून येतात, ते वेगळं.

इथवर मी जिंकत आले होते. मग ह्यांनी विचारलं, "आणि एअरबॅगा?"

जुनीत एकही नाही. एबीएसही नाही, म्हणजे ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्याची 2021 पासून. आमच्या नवीत सहा आहेत. तरी ह्यांनाही मी सोडलं नाही. 2023 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत दोन एअरबॅगांच्या वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. तेव्हा एअरबॅगा आहेत म्हणून चिरंजीवांना पुढे मांडीवर घ्यायचं नाही. मागे, त्याच्या स्वतःच्या सीटवर, पट्टा लावूनच.

पण तो प्रश्न ऐकून मी गप्प झाले, हे खरं. गेली दोन वर्षं शाळेच्या वाटेवर त्याला मी जुनीतूनच बालवाडीत सोडत होते.

शेवटी ठरलं ते असं: जुनी राहिली. तिची नोंदणी 2023 मध्ये पाच वर्षांसाठी नव्याने करून घेतलेली आहे, तोवर ती माझी. फक्त गावात, फक्त मी एकटी. हायवेला नवी. बालवाडीला सोडायचं काम ह्यांच्याकडे गेलं, म्हणून ह्यांना घरातून वीस मिनिटं लवकर निघावं लागतं. सध्या त्यावरून रोज सकाळी कुरकुर चालू आहे.